जुन्या स्पीकरचं खोकं: आधी हवा, मग लाकूड, शेवटी पॉलिश

जुन्या स्पीकरची जोडी घरात आली की हात शिवशिवतात, आणि पहिल्याच सुट्टीला माणूस पॉलिश पेपर घेऊन बसतो. मीही बसलो होतो. दोन तासांत वरची बाजू तुळतुळीत झाली आणि एका कडेला अक्रोडाच्या लाकडाऐवजी खालचा पिवळट भुसा डोकावू लागला. व्हिनियरचा, म्हणजे वर चिकटवलेल्या खऱ्या लाकडाचा, पापुद्रा संपला होता. तो काही परत उगवत नाही. पुढे कळलं की त्याच खोक्याच्या मागच्या सांध्यातून हवा गळत होती आणि मी मात्र तोंडाला पावडर लावत बसलो होतो. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: आधी ऐकायचं, मग उघडायचं, मग खोकं हवाबंद आणि घट्ट करायचं, आणि पॉलिशचा डबा सगळ्यात शेवटी उघडायचा.

हवेचं एवढं कौतुक का, ते आधी सांगतो. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीचा एआर-१ हा स्पीकर आणला. त्यातला वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा गोल भाग, मुद्दाम ढिला ठेवलेला होता. त्याचा कोन (शंकूसारखा हलणारा पडदा) मागे गेला की त्याला जागेवर आणायचं काम खोक्यात कोंडलेली हवाच करायची. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने बंद करून दांडा ढकला, तो उसळून परत येतो, तेच इथे. अंगठा जरा सैल पडला की पंपाचा जोर गेला आणि खोक्याला फट पडली की खर्ज गेला. ही झाली बंद खोक्याची जात. दुसरी जात भोकाची किंवा नळीची, म्हणजे बास रिफ्लेक्स. याचं पेटंट अल्बर्ट थुरास यांना १९३२ साली मिळालं. यात नळीतली हवा खोक्यातल्या हवेवर झुलते आणि वूफरला खालच्या सुरांत मदत करते. नळी लांब केली की हे झुलणं आणखी खालच्या सुराला होतं, खोकं आतून लहान झालं की वर सरकतं. तुमच्या हातात यांतलं कोणतं आहे हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवा, कारण पुढचे निम्मे निर्णय त्यावर आहेत.

ऐका आणि लिहून ठेवा

अॅम्प्लिफायर मोनोवर टाका, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज जाईल, आणि माणसाचं साधं बोलणं लावा. गाण्यात खोड लपते, बोलण्यात उघडी पडते. एकदा फक्त डावा, एकदा फक्त उजवा. एकात आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो का, एकात स-श बोथट होतात का, कुठे फरफर आहे का, हे वहीत लिहा. ही वही शेवटी लागणार आहे.

मग जाळी काढून वूफरची कड बघा. कोन आणि लोखंडी चौकट यांच्यामधल्या गोल पट्टीला सराउंड म्हणतात. ती पॉलियुरेथेन फोमची असेल तर वीसेक वर्षांत कुजते, बोट लावताच चिकट भुगा हाताला येतो. रबराची किंवा कापडाची असेल तर बहुतेक वेळा शाबूत मिळते. कुजलेली कड बदलता येते, पण तो स्वतंत्र कामाचा विषय आहे. इथे एवढंच की कड गेली असेल तर तो स्पीकर तसाच मोठ्याने वाजवू नका, कोनामागची तारेची गुंडाळी (कॉइल) घासून वूफर जाईल.

कड ठीक असेल तर बंद खोक्याची परीक्षा सोपी आहे. मधल्या गोल टोपीला हात न लावता, तिच्या भोवती चार-पाच बोटं समान टेकवून कोन हलकेच आत दाबा आणि सोडा. पंपाच्या उसळीच्या उलट वाटेल, पण खोकं हवाबंद असेल तर कोन सावकाश, जड पावलांनी बाहेर येतो, कारण दाबताना निसटलेली थोडी हवा बारीक वाटेने हळूहळूच परत येते. टणकन उसळला तर हवा कुठून तरी निसटतेय. ट्वीटरच्या, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाच्या, घुमटाला मात्र कधीच बोट लावायचं नाही. काहींचं कापड इतकं नाजूक असतं की खळगा पडला तो पडलाच.

उघडताना

फोटो काढा. मग आणखी काढा. वायरी कुठल्या टोकाला कुठल्या रंगाची, कापूस कुठवर भरला होता, स्क्रू किती लांबीचे. प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर लिहा, आणि डाव्या खोक्याच्या वस्तू वेगळ्या डब्यात, उजव्याच्या वेगळ्या. जोडी वर्षानुवर्षं एकत्र राहिली म्हणून दोन्ही सारखेच असतात असं नाही.

स्क्रू काढताना खरा धोका चुंबकाचा. स्क्रूड्रायव्हरचं लोखंडी टोक वूफरच्या चुंबकाकडे ओढलं जातं आणि निसटलं की सरळ कोनात घुसतं. जाड पुठ्ठ्याची चकती कापून कोनावर धरा आणि मगच स्क्रूला हात घाला. ड्रिल मशीन नको, हाताने फिरवा. सगळे स्क्रू निघाले तरी वूफर हलत नसेल तर जुनं गॅस्केट (चौकटीखालची हवाबंद करणारी पट्टी) चिकटलेलं असतं. पातळ बोथट सुरी चौकटीच्या बाहेरच्या कडेने, लाकडाच्या बाजूने, गोल फिरवत जा. जोर लावून उचकटलंत तर चौकटीबरोबर बोर्डाची खपली निघते. बाहेर काढलेला वूफर तोंड वर करून, लोखंडी वस्तूंपासून दूर ठेवायचा.

जाता जाता एक गंमत. जुन्या स्पीकरांतल्या अॅल्निको जातीच्या चुंबकात सहसा कोबाल्ट असतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आफ्रिकेतल्या गडबडीमुळे कोबाल्ट महागलं आणि बऱ्याच कारखान्यांनी फेराइट या दुसऱ्या जातीच्या चुंबकाकडे मोर्चा वळवला. म्हणून एकाच नावाच्या मॉडेलच्या आधीच्या आणि नंतरच्या जोड्यांत चुंबक वेगळं सापडू शकतं. घाबरायचं कारण नाही, फक्त दोन्ही खोक्यांत एकच जात आहे ना ते बघा.

आतलं भरण बऱ्याचदा काचेच्या तंतूंचं असतं. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय हात लावू नका, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. ते काढून पिशवीत घाला आणि प्रत्येक पिशवीचं वजन लिहा. परत भरताना तेवढंच जायला हवं. बंद खोक्यात हे भरण वूफरला खोकं किंचित मोठं असल्याचा भास देतं, त्यामुळे त्याचं प्रमाणही मूळ आखणीचा भाग आहे. नळीच्या खोक्यात भरण भिंतींपुरतंच ठेवा, नळीच्या तोंडापाशी आलं तर तिचा श्वासच कोंडतो.

खोकं घट्ट करणं

रिकाम्या खोक्यात पेटता टॉर्च ठेवा, वूफरचं भोक जाड कापडाने झाका आणि खोलीत अंधार करा. सांध्यातून जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथून हवा जाते. साधी युक्ती आहे, पण तारांच्या टर्मिनलमागची फट मला यानेच सापडली होती. लाकूडकामाचा पांढरा गोंद थोडा पातळ करून जाड सुईच्या इंजेक्शनने सांध्यात सोडा, क्लॅम्प लावा, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा. राहिला तर पुढे तेल देताना तिथे फिका डाग उमटतो आणि तेव्हा तुम्ही स्वतःलाच शिव्या घालता. आतल्या कोपऱ्यांना गोंदाचा जाड पट्टा फिरवला की काम पक्कं.

बरीचशी जुनी खोकी पार्टिकल बोर्डाची, म्हणजे गोंदात दाबलेल्या भुशाची असतात. पाणी प्यायलेला बोर्ड खालच्या कोपऱ्यात पावासारखा फुगतो. फुगलेला भाग दाबून परत बसत नाही. सैल भुसा पटाशीने खरवडून काढायचा, उरलेल्या भागाला पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद) पाजायचं, आणि ते कडक झाल्यावर इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून खड्डा भरायचा. साधी लांबी (पुट्टी) इथे टिकत नाही, कोपरा एकदा आपटला की पडते.

स्क्रूची भोकं सैल झाली असतील तर गोंदात बुडवलेल्या दोन-तीन काड्या आत ठोका, वाळल्यावर उरलेली टोकं सपाट कापा आणि बारीक भोक पाडून स्क्रू पुन्हा बसवा.

बदल करायचे तर किती?

माझा नियम एवढाच आहे: जो बदल एका दुपारी उलटा फिरवता येईल तो बिनधास्त करा. पुढच्या फळीला नवं भोक, मोठा ट्वीटर, वूफरची अदलाबदल, ही कामं या नियमात बसत नाहीत. १९६१ साली नेव्हिल थिल यांनी आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी वूफर आणि खोक्याचं नातं काही आकड्यांत बांधून दिलं. तो वूफर आणि ते खोकं यांची गाठ त्या आकड्यांनी पडलेली असते. दुसरा वूफर भोकात बसला म्हणून खोक्यात बसला असं होत नाही.

आधार देणारी काठी घालणं मात्र फायद्याचं. बाजूच्या फळीवर बोटाच्या पेराने ठोका. मधोमध भोपळ्यासारखा पोकळ आवाज आला तर ती फळी वूफरबरोबर गातेय. समोरासमोरच्या दोन फळ्यांमध्ये लाकडाची काठी गोंदाने आणि किंचित दाबून बसवा, पण बरोबर मध्यावर नको. जरा बाजूला बसवली की फळीचे दोन असमान तुकडे होतात आणि त्यांचा सूर एकत्र येत नाही. काठी किती जागा खाते तेही मोजा. ५ गुणिले २.५ गुणिले ३० सें.मी.ची काठी म्हणजे ३७५ घनसेंटिमीटर, ४० लिटरच्या खोक्यात एक टक्क्याच्याही आत. तेवढं चालतं. अशा सहा-सात घातल्यात तर खोकं लहान झालं असं समजा. (हो, गोंदाने बसवलेली काठी दुपारभरात निघत नाही. नियमाला हा एक अपवाद मी स्वतःला दिलेला आहे.)

टर्मिनल बदलायचे असतील तर जुन्या भोकाच्या मापाची पट्टी करून तिच्यावर नवे बसवा, खोकं कापू नका. पट्टीमागे गॅस्केट हवंच.

क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि ट्वीटरला आपापले सूर वाटून देणारं सर्किट, खोक्याच्या आतच असतो, तेव्हा उघडलंच आहे तर बघून घ्या. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काळाने सुकतात आणि ट्वीटर मंद वाटू लागतो. मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवा, व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो, आणि कपॅसिटर नॉन-पोलर, म्हणजे धन-ऋण टोक ठरलेलं नसलेला, हवा. फिल्म कपॅसिटर जास्त टिकतात, पण त्यांचा आतला रोध जुन्यापेक्षा कमी असल्याने ट्वीटर कधीकधी अंगावर येतो. तसं झालं तर त्या कपॅसिटरच्या मालिकेत (सिरीजमध्ये) अर्ध्या ओहमच्या आसपासचा रेझिस्टर टाकून ऐका. दोन्ही खोक्यांत एकाच वेळी, एकाच जातीचे बदला. मागचं फिरवायचं बटण खरखरत असेल तर काँटॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा फिरवा. जुन्या एआर स्पीकरांतली ही बटणं गंजण्यासाठी प्रसिद्धच आहेत. त्यांतली काही उघडून आतून घासल्याशिवाय जागी होत नाहीत.

आता बाहेरचं लाकूड

आधी ते लाकूड आहे का बघा. प्लास्टिकच्या छापील पापुद्र्यावर लाकडाच्या रेषांची तीच नक्षी थोड्या अंतराने पुन्हा येते, आणि कोपऱ्यावर रेषा घडी घातल्यासारखी वळते. तसं असेल तर पॉलिश पेपर बाजूला ठेवा. साबणाच्या पाण्याने पुसणं, कडा चिकटवणं, यापलीकडे त्याला काही करता येत नाही. खरं व्हिनियर साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड असतं, म्हणजे तीन-चार पोस्टकार्डांएवढं.

घासण्याआधी धुवा. सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं, मग कोरडं फडकं, मग मिनरल टर्पेंटाइनचा बोळा. टर्पेंटाइन ओलं असताना लाकूड जसं दिसतं, जवळजवळ तसंच ते तेल दिल्यावर दिसणार असतं. माझ्याकडे आलेल्या जोड्यांपैकी निम्म्यांचं काम इथेच संपलं. वर दिसणारा काळपटपणा लाकडाचा नव्हता, धूर, हात आणि जुन्या मेणाचा थर होता.

सुटलेल्या कडेवर जाडसर सुती कापड ठेवून मध्यम गरम इस्त्री काही सेकंद दाबा. जुना गोंद उष्णतेने मऊ होणारा असेल तर तेवढ्यानेच चिकटतो. मात्र इस्त्री उचलल्या उचलल्या थंड लाकडी ठोकळा ठेवून गार होईपर्यंत दाबून धरायला हवं. नाहीच जमलं तर पातळ ब्रशने आत गोंद सारा, वर मेणकागद, त्यावर ठोकळा आणि क्लॅम्प. मधेच फुगा आला असेल तर लाकडाच्या रेषेच्याच दिशेने धारदार पात्याने चीर द्या, गोंद सारा आणि दाबा. रेषेतली चीर दिसत नाही, आडवी आयुष्यभर दिसते. तुकडा उडालेला असेल तर ठिगळही चौकोनी कापू नका. लांबट, दोन्हीकडे निमुळतं कापलं की डोळा त्यावर अडकत नाही.

दबलेल्या जागेवर ओल्या कापडावरून इस्त्रीची वाफ दिली की लाकडाचे तंतू फुगून वर येतात. खाली पार्टिकल बोर्ड असेल तर दोन-तीन सेकंदांचे झटकेच द्या, कारण तीच वाफ खालच्या बोर्डालाही फुगवते. कुंडीच्या पाण्याचे काळे डाग लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनमुळे पडतात. त्यांवर ऑक्झॅलिक आम्लाचं पाणी चालतं. ते विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि नंतर ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्यायचं. त्याची पूड राहिलेलं लाकूड घासलंत तर ती नाकात जाते.

एवढं सगळं झाल्यावरही गरज वाटली तरच पॉलिश पेपर. पूर्ण पृष्ठभागावर पेन्सिलीने हलक्या वेलांट्या काढा. १८० नंबरचा कागद सपाट ठोकळ्याला गुंडाळून रेषेच्या दिशेने फिरवा. पेन्सिल जिथे पुसली गेली तिथे हात थांबवायचा. मग २२० नंबरने एक हात. मशीन अजिबात नको आणि कडांवर तर ठोकळाही नको, नुसत्या बोटांनी दोन-चार फेऱ्या पुरे. माझा पापुद्रा कडेवरच गेला होता, कारण सपाट भागावर फिरणारा ठोकळा टोकाशी आला की नकळत खाली झुकतो. रंगवलेलं जुनं खोकं असेल तर कोरडं घासूच नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं. मागचं लेबल आणि अनुक्रमांक यांवर आधीच चिकटपट्टी लावा.

तेल, लाख की आणखी काही

पहिलं काय दिलं होतं ते मागच्या कोपऱ्यात तपासा. स्पिरिटच्या बोळ्याने थर चिकट झाला तर लाख आहे, थिनरने झाला तर लॅकर. दोन्हीने काही झालं नाही आणि लाकूड उघडं, मऊ वाटत असेल तर बहुधा तेल. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अक्रोड आणि सागवानी खोक्यांवर बऱ्याचदा तेलच असतं, आणि नवख्यासाठी मीही तेच सुचवेन, जवसाचं किंवा डॅनिश (लाकडासाठी तयार मिळणारं) तेल. फडक्याने सढळ लावा, पंधरा-वीस मिनिटं पिऊ द्या, वर उरलेलं सगळं पुसून काढा, एक दिवस वाळू द्या. असे तीन-चार हात. पुसायचा कंटाळा केला तर वर चिकट कातडं धरतं आणि त्याला धूळ चिकटते. पॉलियुरेथेनचा चकचकीत थर मजबूत असतो, पण ओरखडा आला की ठिगळ लागत नाही, सगळा काढावा लागतो. स्पीकरवर मी तो देत नाही.

आता जे सांगतो ते विसरू नका. जवसाच्या तेलाने किंवा डॅनिश तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून टाकून दिली की वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. त्याला काडी लागत नाही की ठिणगी लागत नाही. काम झाल्यावर फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवा. कचऱ्याच्या डब्यात गोळा करून रात्रभर ठेवायची नाहीत.

जाळीचं कापड

नवं कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. पलीकडच्या हाताला ती जवळजवळ तशीच लागली तर कापड चालेल. जुन्या स्पीकरांच्या फोमच्या जाळ्यांची गोष्ट वेगळी, जेबीएल कंपनीच्या १९७० च्या एल-१०० स्पीकरवरची चौकटींची जाळी हात लावताच भुगा होते आणि तिला नवा फोमच लागतो. कापड चौकटीवर ताणताना चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन मारा, मग समोरासमोर सरकत कोपऱ्यांकडे जा. कोपऱ्यापासून सुरू केलंत तर विणीच्या रेघा तिरक्या होतात आणि त्या खोलीच्या पलीकडूनही दिसतात.

परत जोडणं

तेल पूर्ण वाळेपर्यंत वूफर आणि ट्वीटर बाहेरच राहू द्या. भरण मोजून आत, वायरी फोटो बघून जागेवर. वूफरच्या चौकटीखाली नवी मऊ फोमची पट्टी, टोकं एकमेकांना भिडलेली. स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा, एकच पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका.

वायरींची दिशा तपासायला १.५ व्होल्टची बॅटरी वूफरच्या टोकांना क्षणभर टेकवा. धन टोक धनाला लावल्यावर कोन बाहेर सरकायला हवा. जुन्या जेबीएलमध्ये नेमकं उलटं होतं, तिथे लाल टोकाला धन लावलं की कोन आत जातो, आणि ते बिघाड समजून वायरी बदलणारे पुष्कळ भेटतात. महत्त्वाचं एवढंच की दोन्ही खोकी एकाच दिशेने हलली पाहिजेत. ही परीक्षा ट्वीटरवर करू नका.

आता वही काढा. तेच बोलणं, तोच मोनो, आधी हळू आवाजात. बंद खोकं असेल तर कोन दाबून पुन्हा बघा, आता तो सावकाश परतायला हवा. दोन आठवड्यांनी फोमची पट्टी दबलेली असेल, तेव्हा सगळ्या स्क्रूंना पाव-पाव फेरा आणखी द्या.